डिंक, चिखल आणि दीड लाख रुपये

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो, हे आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. मुलांना ते घरूनच ठाऊक असते. त्यामुळे 'असे का?' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आपणही फळ्यावर दोन ओळी लिहून पुढच्या धड्याकडे वळतो. आज हाच प्रश्न आपण उलटा करून पाहू. समजा, गाळ मुळीच बसू नये, पाणी गढूळच राहावे अशी कोणाची गरज असली तर? आणि त्या पाण्यात सतत मीठ मिसळत असले तर?

अशी गरज सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका तेल कंपनीला भासली होती. अविभाजित पंजाबात, रावळपिंडीच्या नैर्ऋत्येला पोठवारचे पठार आहे. तेथील खौर या गावी ॲटॉक ऑइल कंपनीला १९१५ साली खनिज तेल लागले. कंपनीची सूत्रे लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीकडे होती. याच पठाराच्या दक्षिण कडेला मिठाचे डोंगर आहेत. उपासाला लागणारे सैंधव ज्या खेवड्याच्या खाणीतून पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे येत असे, ती खाण तिथलीच. म्हणजे तेलाच्या शोधात त्या भागात खोल जाणाऱ्याची खाऱ्या पाण्याशी गाठ पडणार, हे ठरलेलेच.

मीठ लागले तर बिघडले काय, हे कळण्यासाठी तेलविहीर कशी खोदतात ते पाहायला हवे. पोकळ नळ्या एकमेकींना जोडून त्यांच्या टोकाला दातेरी पाते बसवतात आणि ती सगळी माळ वरून फिरवतात. खडकाचा चुरा होतो. पण हजार-दीड हजार मीटर खोल भोकातून तो चुरा वर आणायचा कसा? त्यासाठी पोकळ नळीतून पंपाने चिखल खाली सोडतात. तो पात्याजवळ बाहेर पडतो आणि नळी व विहिरीची भिंत यांच्यामधल्या जागेतून चुऱ्यासह वर येतो. वर चुरा गाळून काढायचा आणि तोच चिखल पुन्हा खाली सोडायचा. टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे १९०१ साली तेलाचा प्रचंड फवारा उडाला, त्या विहिरीसाठी पाण्याच्या डबक्यातून गुरे फिरवून चिखल तुडवून घेतला होता, असे सांगतात. आपल्याकडे कुंभार माती पायाने तुडवतो, त्याचाच हा अमेरिकी अवतार.

हा चिखल चुरा वाहून आणतो, तसाच पाते थंड ठेवतो, भिंतीला लिंपण घालून ती ढासळू देत नाही, आणि आपल्या वजनाने खालचा वायू व पाणी दाबून धरतो. शिवाय त्याचा एक विलक्षण गुण असा, की पंप थांबला तर तो किंचित घट्ट होतो आणि चुरा आहे तिथेच तोलून धरतो. पंप सुरू झाला की पुन्हा पातळ होऊन वाहू लागतो. विरजलेले दही ढवळले की सैल होते, काहीसे तसे. फरक इतकाच, की ढवळलेले दही पुन्हा पूर्ववत होत नाही, हा चिखल होतो. इतक्या गुणांचा पदार्थ केवळ माती आणि पाणी यांतून मिळतो, हेच आम्हाला या गोष्टीतले पहिले आश्चर्य वाटते.

पण ॲटॉकच्या विहिरींत या चिखलाला खारे पाणी लागले की तो घट्ट होत जाई आणि शेवटी दगडासारखा बने. मग पंप चालेना, नळ्या फिरेनात, खोदकाम ठप्प. कंपनीच्या अभियंत्यांनी हा प्रश्न लाहोरला पंजाब विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक प्रा. शांतिस्वरूप भटनागर यांच्यापुढे ठेवला.

भटनागर हे नाव आज बहुतेकांना त्यांच्या नावाच्या पुरस्कारामुळे माहीत असते. त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. वडील ते तान्हे असतानाच वारले. पुढे ते लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डोनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांचा विषय तेलांच्या पृष्ठताणाशी आणि पायसांशी, म्हणजे तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणांशी, संबंधित होता. परतल्यावर काही वर्षे बनारसला शिकवून १९२४ मध्ये ते लाहोरला आले. तेथे चुंबकीय रसायनशास्त्रात त्यांनी मोठे नाव मिळवले, तरी कलिलांचा, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, त्यांचा जुना अभ्यास सुटला नव्हता. ॲटॉकचा चिखल अभियंत्यांच्या दृष्टीने खोदकामाचे साहित्य होते. भटनागरांच्या दृष्टीने तो बिघडलेला कलिल होता.

आता तुरटीकडे परत येऊ. मातीचे बारीक कण पाण्यात असताना त्यांच्यावर मुख्यतः ऋण विद्युतभार असतो. समान भारामुळे ते एकमेकांना दूर सारतात, म्हणून पाणी गढूळ राहते. पाण्यात धन आयन आले की हे दूर सारणे कमकुवत होते, कण जवळ येतात, चिकटतात आणि साकळतात. आयनावरचा भार जितका जास्त, तितका परिणाम झपाट्याने वाढतो. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन भार असतात, म्हणून चिमूटभर तुरटी पुरते. मिठातील सोडियमवर एकच. म्हणून मीठ बरेच जास्त लागते, पण काम तेच होते. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचण्यामागे पाण्याचा वेग मंदावणे हे कारण आहेच, पण खाऱ्या पाण्यात मातीचे साकळणे हेही आहे. कोकणातल्या खाड्यांच्या काठचा काळा, पाय रुतवणारा चिखल ज्यांनी तुडवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बादलीत पाणी भरपूर आणि माती थोडी, म्हणून साकळलेले कण खाली बसतात. विहिरीतल्या चिखलात मातीच दाट. तिथे साकळलेले कण एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात, पाणी त्यात अडकते आणि सगळा चिखलच आवळून येतो.

भटनागरांनी सुचवलेला उपाय होता डिंक. भारतीय डिंकाची योग्य मात्रा घातली की चिखलाची श्यानता कमी होते, आणि क्षारांच्या साकळवणाऱ्या परिणामापुढे तो टिकूनही राहतो, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. 'इंडियन गम' या व्यापारी नावाने मुख्यतः धावड्याचा डिंक ओळखला जातो. लाडवांत घालतो त्यांतलाच हा एक. डिंकाचे लांबलचक, पाण्याची ओढ असलेले रेणू मातीच्या कणांवर बसतात आणि त्यांच्याभोवती आवरण घालतात. मग क्षारांनी विद्युतभाराचा परिणाम कमी केला तरी कण एकमेकांना भिडू शकत नाहीत.

हे तत्त्व काही लाहोरला जन्मले नव्हते. पोथ्या लिहिण्यासाठी काजळीची शाई करणारे कारागीर ती डिंकाच्या पाण्यात घोटत. एरवी काजळी पाण्यात तरंगत राहणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९०१ मध्ये झिग्मोंडी या रसायनशास्त्रज्ञाने सोन्याच्या कलिलाचे मिठापासून रक्षण करायला कोणता पदार्थ किती लागतो, हे मोजण्याची रीतही बसवली होती. अमेरिकेतही त्या दशकात क्वेब्राचो या झाडापासून काढलेले टॅनिन चिखल पातळ करण्यासाठी वापरात येत होते. 'भटनागरांनी चमचाभर डिंक टाकला आणि विहीर वाहू लागली' अशा थाटात ही गोष्ट सांगितली जाते, ती आम्हाला पटत नाही. चमत्काराच्या गोष्टीतून विद्यार्थी काही शिकत नाही. अभियंत्यांची अडचण ऐकून ती कोणत्या जातीची आहे हे ओळखणे, आणि मग स्वस्त, देशात मिळणारा पदार्थ योग्य मात्रेत बसवणे, हे खरे काम होते. मात्रेचे महत्त्व असे, की असा पदार्थ फार थोडा पडला तर तो कणांना वेगळे ठेवण्याऐवजी कधी कधी त्यांच्यात पूल बांधून साकळायला मदतच करतो.

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. शाडूची माती पाण्यात कालवून वरचे गढूळ पाणी तीन सारख्या बाटल्यांत भरावे. एक तशीच ठेवावी, दुसरीत चमचाभर मीठ घालावे, तिसरीत आधी डिंकाचे पाणी आणि मग तेवढेच मीठ. दर दहा मिनिटांनी बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरे दिसतात का ते नोंदवावे. तिसऱ्या बाटलीतले डिंकाचे प्रमाण वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे द्यावे, म्हणजे मात्रेचा प्रश्न मुलांना स्वतःच भेटेल.

स्टील ब्रदर्सने खूश होऊन भटनागरांना तेलविषयक संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. भटनागरांनी ती स्वतः न घेता विद्यापीठामार्फत घ्यायचे ठरवले, आणि त्यातून लाहोरला त्यांच्या मार्गदर्शनाखाली खनिज तेल संशोधनाचा विभाग उभा राहिला. पुढे कंपनीने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांवर नेली. मेघनाद साहा यांनी १९३४ मध्ये त्यांना पत्र लिहून, आपण विद्यापीठातील शिक्षकांची समाजातली प्रतिष्ठा वाढवलीत, अशा अर्थाचे अभिनंदन केले. ही घटना त्यागाची कथा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. आम्हाला त्यातला व्यवहार अधिक मोलाचा वाटतो. रक्कम घरी नेली असती तर एका माणसाचा बंगला झाला असता; विद्यापीठात गेल्यामुळे विद्यार्थ्यांना काम मिळाले. अर्थात हेही विसरता कामा नये, की तेल पंजाबच्या जमिनीतले, डिंक इथल्या झाडाचा, डोके इथल्या प्राध्यापकाचे, आणि नफा लंडनचा.

या विभागाने हाती घेतलेले विषय पाहिले की गंमत वाटते: मेणाचा दुर्गंध घालवणे, तेल गाळताना उरणाऱ्या टाकाऊ पदार्थांचा उपयोग शोधणे, आणि रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढवणे. ज्योतीच्या उंचीवर संशोधन कशाला, असे आजच्या विद्यार्थ्याला वाटेल. ज्यांनी कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या आहेत त्यांना वाटणार नाही. वात वर केली की उजेड वाढतो, पण एका मर्यादेनंतर धूर येतो आणि काच काळी होते. रॉकेलमध्ये बेंझीनच्या जातीचे, म्हणजे ॲरोमॅटिक, घटक जास्त असले की ही मर्यादा लवकर येते. हेक्झेनमध्ये सहा कार्बनांमागे चौदा हायड्रोजन असतात, तर बेंझीनमध्ये सहाच. कार्बन पुरता जळत नाही आणि त्याची काजळी होते. रुमानियाचे एडेलेआनू यांनी १९०८ मध्ये द्रवरूप सल्फर डायऑक्साइडने हे घटक धुऊन काढण्याची रीत शोधली होती. धूर न येता ज्योत किती मिलिमीटर उंच जाते, यावरून तेलाची प्रत ठरवण्याची कसोटीही आहे. विजेविना अभ्यास करणाऱ्या लाखो घरांत तेल-शुद्धीकरण म्हणजे हेच होते.

१९४० मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर, औद्योगिक संशोधनाचे काम पाहण्यासाठी भटनागर लाहोर सोडून कलकत्त्याला गेले. तेथे वनस्पती तेलांची मिश्रणे इंधन आणि वंगण म्हणून वापरता येतील का, यावर काम झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी वर्षाला दहा लाख रुपये, पाच वर्षे, असा निधी मान्य केला. लाहोरला एका परदेशी कंपनीने जे केले होते, ते आता सरकारकडून होऊ लागले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी सीएसआयआर ही परिषद स्थापन झाली. पाच वर्षांनी फाळणी झाली. लाहोरची प्रयोगशाळा आणि खौरचे तेल दोन्ही सीमेपलीकडे राहिले.

परिषदेच्या पहिल्या मोठ्या प्रयोगशाळांपैकी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात पाषाण रस्त्यावर उभी राहिली. पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन केले. मुंबईत तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने काढण्यासाठी परदेशी कंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही भटनागरांचा सहभाग होता. पहिला कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. दुसरा जानेवारी १९५५ च्या अखेरीस चालू झाला, पण तो पाहायला ते नव्हते. १ जानेवारीलाच त्यांचे निधन झाले होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्डहून जेम्स मॅकबेन यांना बोलावण्यात आले होते. साबणाचे रेणू पाण्यात घोळका करून कसे राहतात, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणजे तेही कलिलवालेच.