कसौलीची वाट आणि घरचा साबण

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने श्वानदंशाच्या इतिहासावर काय बोलावे, असे कोणास वाटेल. आम्ही वैद्य नाही; जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. पण रात्रपाळी सुटल्यावर अंबड-सातपूरहून सायकलने घरी निघालेल्याच्या पोटरीलाच कुत्रे धरते, म्हणून हा विषय आमचाही आहे.

हा रोग जुनाच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे वर्णन आहे. पाण्याला भिऊ लागलेला रोगी वाचत नाही, हेही तेथे सांगितले आहे. दंशातले रक्त काढून ती जागा तापलेल्या तुपाने डागावी, हा तेथला उपाय. आज कोणी डागू नये. पण आधी जखमेकडे पाहावे, ही दृष्टी खरी होती.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला लस देण्यास आरंभ केला, आणि मुलगा वाचला. १९०० साली आपल्याकडे कसौलीस पाश्चर संस्था निघाली. नाशिकच्या माणसाने आगगाडीने कालका गाठावे आणि पुढे डोंगर चढावा! १९०७ साली कुन्नूरला दुसरी संस्था झाली. १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी जनावरांच्या मेंदूपासून नवी लस केली. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती होऊ लागली. वाट जवळ आली, पण पोटातली चौदा इंजेक्शने आली.

त्या इंजेक्शनांच्या दिवसांत आमच्या एका ठेकेदारी कामगाराला कुत्रे चावले. सोबत्यांनी जखमेत चुना भरला. तीन सुया घेऊन त्याने दवाखाना सोडला, कारण विचारता म्हणाला, "दुखण्याचं काही नाही, खाडा पडतो." आम्ही ठेकेदाराच्या दारात बसलो, तेव्हा कुठे रोज मिळाला आणि सुया पुऱ्या झाल्या.

ती जुनी लस २००४ च्या सुमारास देशात बंद झाली. आता दंडात, महिनाभरात चार-पाच मात्रा मिळतात. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. हे सारे सरकारी रुग्णालयात होते. पण त्याआधीचे काम आपले आहे.

चावल्याबरोबर नळाखाली जखम धरावी आणि साबण लावून १५ मिनिटे धुवावी. या विषाणूचे वेष्टन चरबीचे असते. साबण ते फोडतो, पाणी त्याला वाहून नेते. उरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. तो तेथे पोहोचून लक्षणे दिसू लागली, की बहुधा उपाय उरत नाही. म्हणून चुना, मिरची, हळद, तेल काही भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. धुवावे, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओरखडा लहान म्हणून सोडू नये, आणि कुत्रे पाळलेले म्हणून निर्धास्तही राहू नये.

पॅरिसची लस कसौलीवरून आपल्या दारी यायला शंभर वर्षे लागली. साबण आणि पाणी मात्र घरातच होते. आमचे मागणे एवढेच : प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर नळ आणि साबणाची वडी असावी, आणि सुईच्या दिवशीचा रोज कोणाचा कापला जाऊ नये. विज्ञानाने आपले काम केले आहे; एका खाड्यापायी माणूस मरू नये, हे काम आपले आहे.