फुग्यांची गळती आणि दोषाचा शोध

१९५७ साली जनरल मोटर्सने कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम या महागड्या गाडीला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे बसवले. पुढच्याच वर्षी शेव्हरोलेसह कंपनीच्या सगळ्या अमेरिकी ब्रँडच्या गाड्यांना जादा पैसे मोजून ही सोय मिळू लागली, आणि १९६० नंतर ती दिसेनाशीही झाली. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली आढळे. वैतागलेल्या कित्येक मालकांनी फुगे उतरवून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. हवेचं सस्पेन्शन मोटारीला मानवत नाही, हा समज तेव्हापासूनचा. मला तो पटत नाही, कारण याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बस १९५३ पासून हवेवर धावत होत्या. ग्रेहाउंडची १९५४ ची प्रसिद्ध सीनिक्रूझर त्यांतलीच. मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच होतं. वेगळी होती ती भोवतालची व्यवस्था.

यावर आक्षेप येईल की बसला एअर ब्रेकसाठी दणकट कंप्रेसर आणि मोठ्या टाक्या आधीपासून होत्याच, मग तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे, पण त्यातूनच खरं कारण हाती लागतं. दाबलेल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. बसच्या डेपोत टाकीतलं पाणी काढून टाकणं हे नेहमीचं काम होतं; घरगुती मोटारीच्या मालकाला त्याची सवय नव्हती. ते पाणी लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये शिरे, थंडीत गोठे, आणि व्हॉल्व्ह अडकला की गाडीची उंची बिघडे. म्हणजे फुगा शाबूत असूनही दोष त्याच्याच माथी बसायचा. पुढे मर्सिडीजने १९६० च्या दशकातल्या आपल्या हवेच्या सस्पेन्शनला गोठणरोधक अल्कोहोलची सोय जोडली. कमतरता हवेत नव्हती, ती कोरडी ठेवण्यात होती, याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही. आपल्याकडेही मुंबई-पुणे मार्गावरच्या शिवनेरी व्होल्वो हवेच्या फुग्यांवरच धावल्या.

सामान्य मालकाला एवढी जपणूक करावी लागणं हाच रचनेचा दोष, असंही कुणी म्हणेल. पहिल्या पिढीपुरतं ते मी मान्य करतो. पण आज वीस-पंचवीस वर्षांच्या रेंज रोव्हरवर जेव्हा हाच शिक्का बसतो, तेव्हा बहुतेकदा तपासणीचा क्रम उलटा झालेला असतो. कंप्रेसर जळालेला दिसतो म्हणून नवा बसवतात. तो का जळाला, हे कुणी पाहत नाही. फुग्याला घडीवर पडलेली बारीक चीर किंवा जोडणीतली झिजलेली ओ-रिंग हवा सोडत राहते. तेवढी हवा भरून काढताना कंप्रेसर अखंड चालतो, तापतो आणि जातो. गळती तशीच राहिली, तर नव्याचीही तीच गत होते. म्हणून आधी गाडी पूर्ण उंचीवर घ्यावी, जोडण्यांवर आणि फुग्यांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे पाहावेत, हवा सुकवणाऱ्या डब्यातले दाणे तपासावेत, उंची मोजणाऱ्या सेन्सरचे दांडे हलवून बघावेत, आणि मगच कंप्रेसरला हात लावावा.