जपानी चित्रकथांतील पुरुषप्रणय: साधलेला आणि फसलेला

कोणत्याही वाङ्मयप्रकाराची योग्यता केवळ त्याच्या विषयावरून ठरवूं नये, हें तत्त्व तोंडानें सर्वजण मान्य करतात. परंतु विषय अनोळखी निघाला कीं नेमकें तेंच आपण आधीं विसरतों. जपानांत 'मांगा' या नांवाच्या चित्रकथा आहेत. त्यांत दोन पुरुषांमधील प्रणय रंगविणारी एक स्वतंत्र शाखा गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें वाढत आली आहे. तिला हल्लीं 'बॉइज् लव्ह' असें म्हणतात. तिच्या लेखकांत स्त्रियाच अधिक आणि वाचकांतही स्त्रियाच अधिक. हें ऐकून कोणी हसेल, कोणी नाक मुरडील. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, या शाखेंतील कोणती कथा साधते आणि कोणती फसते, याचें उत्तर तिच्या इतिहासांतच आहे.

या शाखेचें एक मूळ गद्य वाङ्मयांत सांपडतें. सुप्रसिद्ध साहित्यिक मोरी ओगाई यांची कन्या मोरी मारी यांनीं १९६१ सालीं 'प्रियकरांचें अरण्य' या अर्थाच्या नांवाची कथा लिहून हा विषय स्त्रीच्या लेखणीनें हाताळला. पुढें १९७० च्या सुमारास तोकियोच्या नेरिमा भागांत, ओइझुमी येथील एका भाड्याच्या जुन्या घरांत ताकेमिया केइको व हागिओ मोतो या दोन तरुण चित्रकर्त्री एकत्र राहूं लागल्या. शेजारीं राहणाऱ्या मासुयामा नोरिए या मैत्रिणीनें त्यांना युरोपीय कादंबऱ्यांची व चित्रपटांची गोडी लाविली. मुलींचीं मासिकें त्या काळीं बहुधा पुरुष संपादकांच्या हातांत होतीं, आणि नायिकेनें काय करावें व काय करूं नये याचे ठोकताळेही ठरलेले होते. त्या चौकटींतून सुटण्याची एक वाट या तरुणींना सांपडली. हागिओ यांनीं आपली शाळेची एक कथा आधीं मुलींच्या शाळेंत घालून पाहिली. ती मनासारखी उतरेना. तीच मुलांच्या शाळेंत नेतांच लेखणी मोकळी झाली. ही गोष्ट आम्ही फार महत्त्वाची मानतों. मुलगा हा येथें मुलीचा मुखवटा होता. त्याच्या आडून तिला रागावतां येत होतें, हट्ट धरतां येत होता, स्वतः होऊन प्रेम करतां येत होतें.

हागिओ यांची 'थॉमसचें हृदय' ही कथा १९७४ सालीं एका साप्ताहिकांतून क्रमशः निघाली. आरंभीं वाचकांच्या कौलांत ती तळाशीं होती व ती आवरती घ्यावी असा संपादकांचा आग्रह होता. इतक्यांत त्यांच्याच 'पो कुला'च्या कथांचा पहिला खंड निघाला, त्याच्या ३०,००० प्रती तीन दिवसांत संपल्या, आणि थॉमस वांचला. कथा जर्मनीतील एका वसतिशाळेची. पहिल्याच पानांत थॉमस नांवाचा मुलगा पुलावरून उडी टाकून मरतो; मागें राहतें तें युली या सोबत्यास लिहिलेलें पत्र. थोड्याच दिवसांत थॉमससारखाच दिसणारा एरिख शाळेंत येतो. युलीवर पूर्वीं एक भीषण अत्याचार झालेला आहे, आणि त्यामुळें आपण कोणाच्याही प्रेमास पात्र उरलों नाहीं अशी त्याची समजूत आहे. 'हे दोघे एकत्र येतील काय?' हा या कथेचा प्रश्न नाहीं. 'स्वतःस अपात्र समजणारा मनुष्य प्रेम स्वीकारूं शकेल काय?' हा आहे. तो कोणत्याही वाचकाचा प्रश्न होऊं शकतो, आणि कथा साधली ती यामुळेंच.

ताकेमिया यांच्या 'वारा आणि वृक्ष यांचें गीत' या कथेला तर छापून येण्यासाठींच सुमारें सात वर्षें झगडावें लागलें. ती १९७६ ते १९८४ पर्यंत चालली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रान्समधील झिल्बेर व सेर्ज हे तिचे नायक. झिल्बेरला पोखरून टाकणारें क्रौर्य कथाकर्त्री झांकीत नाहीं. पण त्याला प्रेमाचें नांवही देत नाहीं, आणि त्याची किंमत शेवटपर्यंत मोजावयास लावते. दोघे पॅरिसला पळतात. तेथें प्रेम आहे, पण भाकर नाहीं, आणि अखेर झिल्बेर मरतो. प्रेम पुरेसें नसतें, हें सांगण्याचें धैर्य प्रणयकथेंत विरळा.

१९७५ च्या डिसेंबरांत हौशी मंडळींची 'कोमिकेत' नांवाची जत्रा तोकियोत प्रथम भरली. तेव्हां मंडळें ३२ आणि माणसें सुमारें ७००, त्यांतही शाळकरी मुलीच बहुसंख्य. १९७८ सालीं या विषयास वाहिलेलें एक मासिक निघालें, तें पुढें 'जून' या नांवानें चाललें. संपादकांचा पहारा उठला, हा मोठा लाभ. परंतु हौशी लेखिका बहुधा लोकप्रिय चित्रकथांतील आयतीं पात्रें उचलीत. त्या स्वतःच्या कथांना थट्टेनें 'याओइ', म्हणजे ना चढ, ना शेवट, ना अर्थ, असें म्हणत. वाचकाला पात्रें आधींच ठाऊक. तेव्हां तीं घडविण्याचे कष्ट कोण घेणार? १९९० नंतर व्यापारी प्रकाशकांनीं हा प्रकार उचलला, तेव्हां ती संवयही बरोबर आली. एक पुढाकार घेणारा, एक शरण जाणारा; बळजबरी हाच प्रेमाचा पुरावा; स्त्री आलीच तर मत्सरी; आणि 'मला पुरुष आवडत नाहींत, फक्त तूं आवडतोस' हें ठरीव वाक्य. फसलेल्या कथांचा हा सांचा आहे.

या सांच्यावर १९९२ सालीं सातो मासाकी या समलिंगी पुरुषानें एका लहानशा स्त्रीवादी पत्रांत टीका केली, आणि वाद कित्येक वर्षें चालला. आमच्यासारख्यांचें आयुष्य तुमच्या करमणुकीचा पडदा झालें आहे, असा त्याचा आशय होता. हीं पात्रें पुरुष नव्हेतच, स्त्रीच्या नशिबाचें ओझें उतरविण्यासाठीं आम्ही रचलेलीं स्वप्नें आहेत, असें उत्तर आलें. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. स्वप्नावर कोणाची सक्ती नाहीं. पण स्वप्नांतल्या माणसाला तोंडवळा दिला कीं त्या तोंडवळ्याचीं खरीं माणसें जगांत आहेत, याचा विसर पडतां कामा नये.

या टीकेनंतरचें उत्तम काम पाहिलें म्हणजे वाद व्यर्थ गेला असें वाटत नाहीं. योशिनागा फुमि यांची 'काल काय जेवलास?' ही २००७ पासूनची कथा रूढ अर्थानें या शाखेंतील नव्हे. ती पुरुषांच्या साप्ताहिकांतून निघाली. परंतु योशिनागा याच शाखेंत वाढलेल्या. शिरो हा वकील व केंजी हा केशकर्तक एका घरांत राहतात. शिरो महिन्याच्या जेवणखर्चाला २५,००० येनांची मर्यादा घालून बाजार करतो, रांधतो. कचेरींत आपलें घर लपवितो. आईबापांशीं अवघडून बोलतो. येथें अडथळा कृत्रिम नाहीं. तो समाजाचा आहे, स्वभावाचा आहे, आणि म्हातारपणाचाही आहे.

आमचा निष्कर्ष साधा आहे. ज्या कथेंत दोघांपैकीं प्रत्येकाला 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक आहे, आणि म्हणून ज्याच्या 'होय'ला मोल आहे, ती कथा साधते. जेथें एकाचें मन दुसऱ्याच्या सोयीसाठींच रचलेलें असतें, तेथें चित्रें कितीही देखणीं असलीं तरी प्रणय उभा राहत नाहीं. ज्या मुलींना आपल्या नायिकेला हें स्वातंत्र्य देतां येईना, म्हणून ज्यांनीं मुलाचा मुखवटा घेतला, त्यांच्या वाङ्मयाला हीच कसोटी लावणें न्यायाचें होईल.