राखेपासून वडीपर्यंत

साबणाची वडी आज इतकी हाताशी आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. एका सुट्टीत घरीच साबण करून पाहावा असे डोक्यात आले आणि पहिल्याच खेपेला बोटे पोळून घेतली. तेव्हा कुठे हा इतिहास खरा कळला!

साबणाला दोन वस्तू लागतात. एक स्निग्ध पदार्थ, दुसरी खार. गॉल लोक चरबी आणि राख यांपासून साबण करतात, अशी नोंद रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली आहे. गंमत अशी की त्याचा उपयोग केस तांबूस करण्यासाठी होई. आपल्याकडे अंगाला आणि केसांना रिठा, शिकेकाई होती. कपड्यांसाठी परीट खाराच्या पाण्याची भट्टी लावीत. म्हणजे निम्मे साहित्य आपल्या चुलीतच पडलेले होते.

अमेरिकेतल्या वसाहतींत, १८व्या शतकात, शेतकऱ्यांच्या बायका या दोन्ही वस्तूंचा घरीच मेळ घालीत. चुलीतली राख लाकडी पिंपात साठवायची, वरून पाणी ओतायचे, खाली तपकिरी खारपाणी झिरपायचे. ते पुरेसे कडक झाले की नाही, हे कसे ओळखावे? त्यात अंडे सोडायचे. अंडे तरंगून नाण्याएवढा भाग वर दिसला म्हणजे ठीक. मग त्यात चरबी घालून अंगणात कढई चढवायची. राखेतला खार पोटॅशचा, म्हणून साबण वडीसारखा घट्ट न होता लापशीसारखा मऊ होई. कधी तो जमे, कधी सारी मेहनत फुकट जाई. सगळा कारभार अंदाजाचा!

या अंदाजाला दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी धक्का दिला. निकोला लब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. राखेची गरज पुढे कमी होत गेली. मिशेल शेव्रल याने चरबीत नेमके काय असते याचा वर्षानुवर्षे शोध घेतला आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. चरबी म्हणजे स्निग्धाम्ले आणि ग्लिसरीन, आणि हे मिश्रण प्रत्येक चरबीत निराळे, हे त्याने दाखविले.

आपल्याकडे चरबीचा प्रश्न धर्माचाही होता. मुंबईचे अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या त्या काळात अनेक घरांना असा साबण निःशंकपणे वापरता आला.

आता माझी फजिती. माझ्याजवळ कृती होती खोबरेल तेलाची. घरात होते शेंगदाण्याचे. म्हटले, तेल ते तेल! पण एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर शेंगदाणा तेलाला सुमारे १३६. वरचे ४७ ग्रॅम गेले कुठे? ते वडीतच राहिले. वडी दिसायला देखणी. हात धुतले तर बोटे चुरचुरली. शेव्रलचे नाव मी वर्गात घेत होतो, पण त्याचे म्हणणे मला बोटांनी समजावले.

दुसऱ्या खेपेस तराजू आणला. सोडा नेहमी पाण्यात घातला, पाणी सोड्यावर नव्हे. तसे केले तर ते उसळते. ॲल्युमिनियमचे भांडे टाळले, हातमोजे आणि चष्मा घातला. वड्या महिनाभर सावलीत वाळवल्या. साबण जमला.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग मुलांच्या हाती सोड्याचा डबा देऊन करू नका. स्वतः करून दाखवा. आणि अंड्याची गोष्ट मात्र जरूर सांगा. त्या बायकांजवळ तराजू असला तरी काय तोलायचे हे कोणाला ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी अंड्याने मापायला सुरुवात केली. अंदाजाला मापाची जोड हवी, हे त्यांनी शास्त्राच्या आधी ओळखले होते.