ब्लॅक सॅबथ

ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६८ साली स्थापन झालेला रॉक संगीतसमूह होता. गिटारवादक टोनी आयोमी, गायक ऑझी ऑस्बॉर्न, बेस गिटारवादक गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड हे त्याचे मूळ सदस्य होत. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आद्य प्रवर्तक म्हणून हा समूह ओळखला जातो.

स्थापना व नाव

चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीच्या भागातील होते. प्रारंभी ते ‘अर्थ’ या नावाने ब्लूज शैलीचे संगीत सादर करीत. मारिओ बाव्हा यांच्या १९६३ सालच्या भयपटाच्या इंग्रजी शीर्षकावरून त्यांनी १९६९ मध्ये नवे नाव घेतले.

वादनशैली

वयाच्या १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना आयोमी यांच्या उजव्या हाताची मधले बोट व अनामिका यांची टोके यंत्रात सापडून तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात हाच होता. हाताला इजा झालेली असतानाही दोन बोटांनी वादन करणाऱ्या जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांना धीर आला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे बनविली आणि गिटारला हलक्या तारा लावल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ (१९७१) या संग्रहातील काही गीतांत त्यांनी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली जुळवली. सैल तारा दाबणे सोपे झाले व नाद अधिक खर्जाचा, जड झाला. इजेवर शोधलेला उपायच अशा रीतीने शैलीचा पाया ठरला.

प्रमुख ध्वनिमुद्रिका

‘ब्लॅक सॅबथ’ हा पहिला संग्रह १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्यावर टीका केली. श्रोत्यांनी मात्र तो उचलून धरला. त्याच वर्षीचा ‘पॅरानॉइड’ ब्रिटनमध्ये विक्रीत प्रथम क्रमांकावर पोहोचला. त्यातील ‘वॉर पिग्ज’ हे गीत युद्धविरोधी आहे. १९७९ मध्ये ऑस्बॉर्न यांना समूहातून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी रॉनी जेम्स डिओ आले.

प्रभाव

खालच्या पट्टीतील गिटार, संथ लय व भयसूचक स्वरयोजना ही वैशिष्ट्ये मेटालिकासह पुढील पिढ्यांतील अनेक समूहांनी स्वीकारली. २००६ साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समूहाचा समावेश झाला. ५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर चारही मूळ सदस्यांनी अखेरचा एकत्रित कार्यक्रम केला. मेटालिकानेही त्यात सहभाग घेतला. त्यानंतर २२ जुलै रोजी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले.