कार्यक्षमता विरुद्ध आरक्षण : एका खोट्या वादाचा इतिहास

"आरक्षणामुळे सरकारी कारभार ढासळला." हे वाक्य आपण प्रत्येकाने कॉलेजात, ऑफिसात कधी ना कधी ऐकले आहे. मित्रांनो, त्याला उत्तर रागाने नको, इतिहासाने द्या.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्यात होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला महापूर आला. तोवर पूर म्हणजे काठावर बांध, एवढेच उत्तर ठाऊक होते. बाबासाहेबांच्या खात्याने पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांसाठी साऱ्या खोऱ्याची एकच योजना पुढे आणली. नमुना अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत अध्यक्षस्थानी बसून त्यांनी बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींपुढे ती मांडली. १९४८ मध्ये कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पायाही १९४५ मध्ये याच खात्याने घातला.

आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर १९४२ मध्ये याच मंत्र्याने व्हाइसरॉयला निवेदन देऊन केंद्रीय नोकऱ्यांत अस्पृश्यांचा वाटा मागितला. ऑगस्ट १९४३ मध्ये ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. नव्या संस्था आणि नवे प्रतिनिधित्व, दोन्हींमागे एकच माणूस होता. त्याला त्यात विरोध दिसला नाही.

पुढे काय झाले? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अ आणि ब वर्गाच्या वरिष्ठ पदांवर त्यांचे प्रमाण वाढले तिथे ती वाढल्याचेच काही संकेत मिळाले.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये 'बाहेरचे तज्ज्ञ' आणण्यासाठी केंद्रातील ४५ वरिष्ठ पदांची जाहिरात निघाली, आरक्षणाशिवाय. विरोध झाला आणि ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. पण कंत्राटीकरण आणि खासगीकरण थांबलेले नाही, आणि तिथेही युक्तिवाद कार्यक्षमतेचाच असतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'मेरिट' म्हटले की गप्प बसू नका. दामोदर खोऱ्याची योजना कोणाच्या खात्यातून आली, एवढेच विचारा.

जय भीम!