डॉ. अब्दुल कलाम : श्रीहरिकोटा ते राष्ट्रपती भवन

भारताचे अकरावे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी तमिळनाडूतील रामेश्वरम येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे रेल्वेचा थांबा बंद झाला आणि वृत्तपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते गोळा करण्याचे काम ही त्यांची पहिली कमाई. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर विमानविद्येच्या अभ्यासासाठी त्यांनी मद्रास गाठले. प्रवेशाच्या शुल्कासाठी बहीण झोहरा हिने आपले दागिने गहाण ठेवले. 'अग्निपंख' या नावाने मराठीत आलेल्या त्यांच्या आत्मकथनामुळे हा सारा तपशील मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे.

त्यांना व्हायचे होते वैमानिक. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत जागा होत्या आठ आणि कलाम यांचा क्रमांक लागला नववा. १९५८ मध्ये ते संरक्षण खात्यात शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि पुढे डॉ. विक्रम साराभाई यांच्या अवकाश कार्यक्रमात दाखल झाले.

'एसएलव्ही-३' या पहिल्या भारतीय उपग्रह प्रक्षेपकाचे ते प्रकल्प संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथे उड्डाणाच्या अखेरच्या मिनिटांत संगणकाने प्रक्षेपण थांबविण्याचा संकेत दिला. गळती किरकोळ आहे, उड्डाण करता येईल, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. कलाम यांनी तो मानला आणि दुसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. पत्रकारांना सामोरे गेले ते 'इस्रो'चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी याच प्रक्षेपकाने ३५ किलो वजनाचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा मात्र पत्रकार परिषदेला धवन यांनी कलाम यांना पुढे केले. त्या वेळी थुंबा येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा डॉ. वसंत गोवारीकर यांच्याकडे होती.

१९८२ मध्ये कलाम हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. 'पृथ्वी' (१९८८) आणि 'अग्नी' (१९८९) या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या, १९९७ मध्ये भारतरत्न, मे १९९८ मधील पोखरणचे अणुस्फोट हा पुढचा प्रवास. २००२ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीने त्यांचे नाव पुढे केले आणि काँग्रेसनेही पाठिंबा दिला. डाव्या पक्षांच्या उमेदवार कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचा पराभव करून २५ जुलै २००२ रोजी त्यांनी शपथ घेतली.

'जनतेचे राष्ट्रपती' हे बिरुद त्यांना लाभले. परंतु त्यांच्या कार्यकाळाची खरी परीक्षा झाली ती कागदोपत्री. २२ मे २००५ च्या रात्री, मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना, बिहार विधानसभा विसर्जित करण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांच्यापुढे आली. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्याशी दूरध्वनीवर बोलून त्यांनी मध्यरात्रीनंतर स्वाक्षरी केली. सर्वोच्च न्यायालयाने हे विसर्जन घटनाबाह्य ठरविले. व्यथित कलाम यांनी राजीनाम्याचे पत्र लिहिले होते. पंतप्रधानांच्या विनंतीवरून ते मागे ठेवले, असे त्यांनीच २०१२ मध्ये नमूद केले. सल्ला याही वेळी इतरांचाच होता. राज्यघटनेनुसार राष्ट्रपतींना तो मानावा लागतो. फार तर एकदा फेरविचारासाठी परत पाठविता येतो. तो अधिकार त्या रात्री वापरला गेला नाही.

वर्षभराने तो वापरला गेला. लाभाच्या पदांबाबतचे, अनेक खासदारांची पदे वाचविणारे विधेयक त्यांनी मे २००६ मध्ये संसदेकडे परत पाठविले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केल्यावर अनुच्छेद १११ नुसार संमती देणे बंधनकारक होते. त्यांनी ती ऑगस्टमध्ये दिली. दयेच्या अर्जांबाबत मात्र त्यांची कारकीर्द संथच म्हणावी लागेल. बहुतेक अर्ज निर्णयाविना पडून राहिले.

याच काळात, ८ जून २००६ रोजी, पुण्याच्या लोहगाव तळावरून 'सुखोई-३०' या लढाऊ विमानातून त्यांनी सुमारे अर्धा तास उड्डाण केले. डेहराडूनला नववे आलेले कलाम तेव्हा ७४ वर्षांचे होते.

जुलै २००७ मध्ये पदमुक्त झाल्यावर ते अध्यापनाकडे वळले. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत व्याख्यान देत असताना ते कोसळले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ३० जुलै रोजी रामेश्वरम येथे त्यांचा दफनविधी झाला.